मनातली संख्या ओळखण्याचं गणित: बंद डबा, चिंचोके आणि नऊ

मे महिन्याच्या सुट्टीत घरी जमलेल्या भाचरांना मी एकदा नेहमीचं कोडं घातलं. "मनात एक संख्या धरा. तिची दुप्पट करा. त्यात बारा मिळवा. येईल त्याचं निम्मं करा. आता मनातली मूळ संख्या वजा करा. सहा उरले ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटी भाची तेवढी गप्प होती. जरा वेळाने म्हणाली, "मावशी, मी तर साडेतीन धरले होते. तरी सहाच कसे आले?"

या खेळांबद्दल मला आजवर कुणी विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. बाकीची मुलं मला मनातलं ओळखता येतं का याचा विचार करत होती, ही मात्र संख्येचाच विचार करत होती. कोडं घालणाऱ्याला समोरच्याच्या मनातलं काहीच कळत नसतं. सूचनाच अशा बांधलेल्या असतात की समोरचा काहीही धरो, उत्तर आपल्या हातात येतं. ते कसं, हे एकदा कळलं की पाठ केलेल्या कोड्यांवर अवलंबून राहावं लागत नाही, आपली आपल्याला रचता येतात. म्हणून पुढे प्रत्येक खेळाची कृती सांगताना त्याचं कारणही तितक्याच सावकाश सांगते आहे.

बंद डबा

झाकणाचे दोन सारखे छोटे डबे आणि मूठभर चिंचोके घ्या. डबा म्हणजे मनातली संख्या. आत किती चिंचोके आहेत ते आपल्याला माहीत नाही आणि झाकण उघडायचं नाही. आता सूचना एकेक करून जमिनीवर मांडा.

"मनात संख्या धरा": एक डबा ठेवा. "दुप्पट करा": शेजारी दुसरा तसाच डबा. "बारा मिळवा": डब्यांपुढे बारा चिंचोके. "निम्मं करा": एक डबा आणि सहा चिंचोके बाजूला काढा, म्हणजे पुढ्यात एक डबा आणि सहा चिंचोके राहिले. "मूळ संख्या वजा करा": डबाच उचलून ठेवा. जमिनीवर सहा चिंचोके.

डब्याचं झाकण एकदाही उघडलं नाही. त्यामुळे आत तीन होते, साडेतीन होते की उणे चार, याने काहीच बिघडत नाही. भाचीने हे पाहिलं आणि तिचं तिलाच उत्तर सापडलं: "डबा गेलाच की शेवटी!"

शाळेत आपण याच डब्याला क्ष म्हणतो. (२क्ष + १२) ÷ २ − क्ष = ६, एवढंच ते गणित. भास्कराचार्यांच्या काळात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत आणि लिहिताना नुसतं 'या' लिहीत. ज्यात अशा न दिसणाऱ्या राशी येतात ते अव्यक्त गणित. लहान मुलांना मात्र मी क्ष उशिरा दाखवते. डबा हाताने उचलून ठेवला की 'वजा क्ष' म्हणजे काय हे बोटांना कळतं, मग अक्षराची भीती वाटत नाही.

या कोड्यात एक सुधारणा करा. उत्तर नेहमी मिळवलेल्या संख्येच्या निम्मं असतं. मग ती संख्या आपण कशाला सांगायची? "एखादी सम संख्या तूच सांग, किती मिळवू?" असं समोरच्यालाच विचारा. तो अठ्ठावीस म्हणाला तर उत्तर चौदा. त्याला वाटतं की दोन्ही संख्या त्यानेच निवडल्या, आणि ते खरंही आहे. शिवाय तेच कोडं लागोपाठ तीनदा घातलं तरी उत्तर दर वेळी बदलतं.

स्वतःचं कोडं रचायला नियम एकच: वाटेत काहीही करा, शेवटी डबा गेला पाहिजे. उदाहरणार्थ, संख्येत ३ मिळवा, चौपट करा, ८ वजा करा, ४ ने भागा, मूळ संख्या वजा करा. चिंचोक्यांनी मांडून पाहा, एकच चिंचोका उरतो. एक काळजी घ्या: भागायला सांगाल तेव्हा डबे आणि चिंचोके दोन्ही पूर्ण वाटले गेले पाहिजेत. नाहीतर समोरचा अपूर्णांकात अडकतो, आणि चुकलेला माणूस कोडं घालणाऱ्यालाच दोष देतो.

उलट पावली

वरच्या खेळात डबा घालवला. आता तो परत आणायचा. समोरच्याला संख्या धरायला सांगा, दुप्पट करायला, ५ मिळवायला आणि मग ५ ने गुणायला. आलेलं उत्तर मोठ्याने सांगायला लावा. समजा तो म्हणाला ३९५. त्यातून २५ वजा करा, ३७० राहिले, शेवटचं शून्य टाका. त्याने ३७ धरले होते.

कारण सोपं आहे. दुप्पट आणि मग पाचपट म्हणजे दहापट. मध्ये मिळवलेले ५ सुद्धा पाचपट होऊन २५ झाले. ते काढले की दहापट केलेली संख्या हातात येते, आणि दहाने भागायला शून्य पुसण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

ही उलट चालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त तिला स्वतंत्र स्थान आहे: गुणलं असेल तिथे भागा, भागलं असेल तिथे गुणा, वर्ग असेल तिथे मूळ घ्या, मिळवलं असेल तिथे वजा करा. त्यातलं एक गणित असं: एका राशीला तीनने गुणलं, त्या गुणाकारात त्याचाच पाऊण भाग मिळवला, सातने भागलं, आलेल्यातून त्याचा एक तृतीयांश वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, दहाने भागलं, २ आले. राशी कोणती?

शेवटाकडून निघा. २ ला दहाने गुणून २०. ८ वजा, १२. वर्ग १४४. ५२ मिळवून १९६. वर्गमूळ १४. एक तृतीयांश गेल्यावर १४ उरले, म्हणजे आधी २१. सातने गुणून १४७. पाऊण भाग मिळवून १४७ झाले, म्हणजे पावणेदोनपट, म्हणून मुळात ८४. तीनने भागून २८. इथे बहुतेकांची चूक "पाऊण भाग मिळवला" आणि "एक तृतीयांश वजा केला" या दोन पायऱ्यांवर होते. मिळवलेला पाऊण भाग हा ८४ चा आहे, १४७ चा नाही. ज्यांच्या घरी अजून पावकी-दिडकी पाठ असणारे आजोबा आहेत त्यांनी हे गणित त्यांना जरूर घालावं.

वाढदिवस

या खेळाने मोठी माणसंही थबकतात, कारण तारीख खरी असते. समोरच्याच्या हातात मोबाईलचा कॅल्क्युलेटर द्या आणि सांगा:

१. जन्ममहिन्याचा क्रमांक घ्या, ५ ने गुणा.
२. ६ मिळवा.
३. ४ ने गुणा.
४. ९ मिळवा.
५. ५ ने गुणा.
६. जन्मतारीख मिळवा.

आलेली संख्या विचारा आणि मनातल्या मनात त्यातून १६५ वजा करा. २६ जुलैला जन्मलेला माणूस ३५, ४१, १६४, १७३, ८६५ असं करत ८९१ वर येतो. ८९१ − १६५ = ७२६. शेवटचे दोन अंक तारीख, त्याआधीचा भाग महिना. ७०५ आले तर ५ जुलै, १२२५ आले तर २५ डिसेंबर.

५, ४ आणि ५ यांचा गुणाकार १००. सगळी मधली खटपट महिन्याला शंभरपट करण्यासाठी आहे. शंभरपट केल्यावर एकक आणि दशकाची घरं मोकळी होतात आणि तारीख तिथे बसते. तारीख कधीच ३१ च्या पुढे जात नाही, म्हणून ती महिन्याच्या घरात घुसत नाही. मधे मिळवलेले ६ पुढे वीसपट होऊन १२० झाले, ९ पाचपट होऊन ४५, दोन्ही मिळून १६५. ते कचऱ्यासारखे काढून टाकायचे.

१६५ मध्ये जादू काही नाही. दुप्पट करा, ७ मिळवा, ५० ने गुणा, तारीख मिळवा, असं सांगितलंत तर ३५० वजा करावे लागतील. तीच कृती, नवे आकडे.

मोबाईलवर एक मोठी फसगत होते. बहुतेक फोन कंचेभागुबेव पाळतात. समोरच्याने ७×५+६×४ असं एका दमात टाइप केलं तर फोन आधी ६×४ करतो आणि १६४ ऐवजी ५९ दाखवतो. म्हणून प्रत्येक सूचनेनंतर बरोबरचं चिन्ह दाबायला सांगा. हे न सांगितल्यामुळे माझा खेळ भर हळदीकुंकवात फसला होता, तेव्हापासून मी पहिली सूचना तीच देते.

लपवलेला अंक

हा माझा सर्वांत आवडता. समोरच्याला चार अंकी कुठलीही संख्या कागदावर लिहू द्या, तुम्ही पाठ फिरवा. अंकांची बेरीज करून ती मूळ संख्येतून वजा करायला सांगा. उत्तरातला एक अंक, शून्य सोडून कुठलाही, त्याने गोल करून लपवायचा आणि बाकीचे हव्या त्या क्रमाने वाचून दाखवायचे. तुम्ही लपवलेला सांगता.

७३४६ घेऊ. अंकांची बेरीज २०. वजा केल्यावर ७३२६. त्याने ३ लपवला आणि "सहा, सात, दोन" वाचलं. बेरीज १५. पंधराच्या पुढचा नऊच्या पाढ्यातला आकडा १८. अठराला तीन कमी. लपवलेला अंक ३.

हे का होतं ते पिशव्यांनी समजतं. तुमच्याकडे ७३४६ रुपये आहेत, सगळे एकेक रुपयाच्या नाण्यांत, पण बांधून ठेवलेले: हजाराच्या सात पिशव्या, शंभराच्या तीन, दहाच्या चार, आणि सुटी सहा नाणी. आता प्रत्येक पिशवीतून एकच नाणं काढा. सात, तीन आणि चार नाणी निघाली. सुटी सहाही उचला. एकूण ७ + ३ + ४ + ६ = २० नाणी काढली, म्हणजे अंकांची बेरीजच वजा झाली. मागे उरल्या ९९९ च्या सात पिशव्या, ९९ च्या तीन आणि ९ च्या चार. कुठलीही पिशवी घ्या, नऊने पूर्ण भागली जाते. म्हणून उत्तर नेहमी नऊच्या पाढ्यातलंच.

आता दुसरा अर्धा भाग. संख्येतून तिच्या अंकांची बेरीज काढली की नऊच्या पाढ्यातलं काहीतरी उरतं, हे आत्ताच पाहिलं. मग संख्या मुळातच नऊच्या पाढ्यातली असेल, तर तिच्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यातलीच असणार. म्हणूनच एक अंक गाळला की त्याची जागा ओरडून सांगते की इथे किती कमी आहे.

शून्य लपवायला बंदी का? वाचलेल्या अंकांची बेरीज ९ किंवा १८ आली तर लपवलेला अंक शून्य की नऊ हे ठरवता येत नाही. शून्य आधीच बाद केलं की उत्तर नऊ. ही सूचना देताना "शून्य आधीच गोल आहे, त्याला पुन्हा गोल कशाला" असं म्हणायचं, कुणालाही शंका येत नाही.

अंकांची बेरीज नको असेल तर मूळ संख्येचे अंक उलटसुलट करून मोठीतून लहान वजा करायला सांगा. ८१५२ मधून २५८१ गेले, ५५७१, अंकांची बेरीज १८. दोन्ही संख्यांत तेच अंक आहेत, म्हणून दोघींची नऊने भागल्यावरची बाकी सारखी, आणि वजाबाकीत ती उडून जाते. जमाखर्च लिहिणारे हाच नियम रोज वापरतात. ताळा जुळत नसेल आणि फरकाला नऊने भाग जात असेल, तर ५४ च्या जागी ४५ असे आकडे उलटे लिहिले गेलेत का, ते आधी पाहतात.

१०८९ चा खेळही नऊचाच नातेवाईक, म्हणून थोडक्यात. तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा असावा. उलटी करून मोठीतून लहान वजा करा. उत्तर उलटं करून त्यातच मिळवा. ७३१ − १३७ = ५९४, आणि ५९४ + ४९५ = १०८९. वजाबाकी नेहमी ९९ च्या पटीत येते, तिथे मधला अंक कायम ९ आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९. म्हणून बेरजेत शतकाच्या घरी ९, दशकाच्या घरी १८, एककाच्या घरी ९, सगळं मिळून १०८९. ४६३ सारखी संख्या निघाली तर वजाबाकी ९९ येते. ती ०९९ अशी लिहायला सांगा, नाहीतर उलटी करताना घोटाळा होतो. घरातल्या एखाद्या जाड पुस्तकाच्या १०८ व्या पानावरचा नववा शब्द आधी पाठ करून ठेवलात, तर समोरच्याला पान उघडायला सांगून शब्दच ओळखता येतो.

सहा पत्ते

इथे समोरच्याला काहीच गणित करावं लागत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबरही चालतं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून सहा पत्ते करा. प्रत्येकावर ३२ संख्या येतात, आठ-आठच्या चार ओळी, चढत्या क्रमाने.

पहिला पत्ता १ पासून: एक लिहा, एक सोडा (१, ३, ५, ७… ६३).
दुसरा २ पासून: दोन लिहा, दोन सोडा (२, ३, ६, ७, १०, ११… ६३).
तिसरा ४ पासून: चार लिहा, चार सोडा (४ ते ७, १२ ते १५… ६३).
चौथा ८ पासून: ८ ते १५, २४ ते ३१, ४० ते ४७, ५६ ते ६३.
पाचवा १६ पासून: १६ ते ३१, ४८ ते ६३.
सहावा ३२ ते ६३.

समोरच्याने ६३ पर्यंतची संख्या मनात धरायची आणि ती ज्या पत्त्यांवर असेल ते तुमच्या हाती द्यायचे. तुम्ही त्या पत्त्यांवरच्या फक्त पहिल्या संख्यांची बेरीज करायची. १, ४, ८ आणि ३२ चे पत्ते आले तर ४५.

समजा दुकानदाराकडे १, २, ४, ८, १६ आणि ३२ किलोची प्रत्येकी एकच वजनं आहेत. ६३ किलोपर्यंतचं कुठलंही पूर्ण वजन तो या सहांतून तोलू शकतो, आणि तेही एकाच पद्धतीने. ४५ साठी ३२ ठेवा, १३ उरले. १६ जास्त होतात, ८ ठेवा. ५ उरले, ४ ठेवा, मग १. दुसरा मार्गच नाही. पत्त्यावर त्याच संख्या लिहिलेल्या असतात ज्यांना ते वजन लागतं. समोरचा पत्ता देतो म्हणजे "हे वजन तराजूत होतं" एवढं सांगतो. सहा वेळा हो किंवा नाही, म्हणजे २ × २ × २ × २ × २ × २ = ६४ शक्यता, आणि एकही पत्ता दिला नाही तर शून्य. आपल्या बाजारातली वजनं मात्र १, २, ५ अशी असतात, तिथे ही एकमार्गी गंमत सापडत नाही. संगणक आणि मोबाईल संख्या साठवतात त्या अशाच, या दुप्पट होत जाणाऱ्या वजनांनी.

आजीचं वय ओळखायचं असेल तर ६४ चा सातवा पत्ता करा. मग १२७ पर्यंत जाता येतं, पण प्रत्येक पत्त्यावर ६४ संख्या होतात आणि चष्म्यातून शोधताना एखादी नजरेआड होते. अक्षर मोठं काढा. हा खेळ चुकतो तो जवळजवळ नेहमी एखादा पत्ता द्यायचा राहून गेल्यामुळे.

देवळालीच्या मास्तरांची संख्या

सर्वांत शेवटी मी मुलांना ६१७४ कडे नेते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरची. विद्यापीठातलं पद नाही, संशोधनाची पदवी नाही, फक्त संख्यांची ओढ. १९४९ साली त्यांना ही गोष्ट सापडली: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा.

त्यांच्या जन्मसालापासून सुरू करू. ९५१० − ०१५९ = ९३५१. ९५३१ − १३५९ = ८१७२. ८७२१ − १२७८ = ७४४३. ७४४३ − ३४४७ = ३९९६. ९९६३ − ३६९९ = ६२६४. ६६४२ − २४६६ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. आणि आता ६१७४ चे अंक लावले तरी पुन्हा ७६४१ − १४६७ = ६१७४.

कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात वेळांत इथे पोहोचते, १९०५ ला ती सातही लागतात. खेळ म्हणून करताना प्रत्येकाला वेगळी संख्या धरायला सांगा आणि वजाबाकी बरोबर सात वेळा करायला लावा. ज्यांची संख्या तिसऱ्याच फेरीत पोहोचली ते तिथेच फिरत राहतील, त्यामुळे सातव्या फेरीअखेर खोलीत सगळ्यांच्या कागदावर ६१७४. वजाबाकी तीन अंकी आली तर पुढचं शून्य टिकवा: ९९९ म्हणजे ०९९९.

का होतं, याचं अर्धं उत्तर सुंदर आहे. अंक उतरत्या क्रमाने लावल्यावर वजाबाकी फक्त दोन फरकांवर ठरते: कडेच्या दोन अंकांचा फरक गुणिले ९९९, अधिक आतल्या दोन अंकांचा फरक गुणिले ९०. ९५१० मध्ये कडेचा फरक ९, आतला ४, म्हणून ८९९१ + ३६० = ९३५१. कडेचा फरक १ ते ९ असू शकतो आणि आतला त्याहून जास्त नसतो. मोजलंत तर अशा जोड्या ५४ च भरतात. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ दारांतून आत येतात, आणि ९९९ आणि ९० दोन्ही नऊच्या पाढ्यातले असल्यामुळे सगळ्या नऊने भागल्या जाणाऱ्या. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी ही ५४ दारं एकेक करून तपासावी लागतात.

भाचीने ते केलं. चौकटीच्या वहीत आडव्या ओळीला कडेचा फरक, उभ्या ओळीला आतला फरक, आणि प्रत्येक चौकटीतून पुढच्या चौकटीकडे पेन्सिलीचा बाण. दुपारभर काम पुरलं. सहा आणि दोनच्या चौकटीत ६१७४ बसते, आणि तिथून निघालेला बाण तिने गोल वळवून परत त्याच चौकटीत आणून सोडला.